बायबलच्या गोष्टी हाताने करताना: संडे स्कूलच्या नऊ आठवड्यांच्या नोंदी

संडे स्कूल म्हणजे चर्चमधला मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग. आधी परिस्थिती सांगते. ४ ते ७ वर्षांची १४ मुलं, रविवारी ४५ मिनिटं, शिकवायला मी आणि मदतीला एक ताई. आजवर आम्ही गोष्ट सांगायचो, मग चित्र रंगवायला द्यायचो आणि मुलं ते घरी घेऊन जायची. या वेळी ठरवलं की प्रत्येक गोष्टीला हाताने करायचं काहीतरी असेल, आणि पुढच्या रविवारी काही शिकवायच्या आधी मुलांनाच विचारायचं, मागची गोष्ट काय होती. त्या उत्तरांवरूनच मला कळणार होतं की जमलं की नाही. ज्यांना हेच करायचंय त्यांच्यासाठी जसं घडलं तसं लिहून ठेवतेय, बिघडलेलं सुद्धा.

आठवडा १, रविवार. हरवलेलं मेंढरू

सोप्यापासून सुरू केलं. पुठ्ठ्याची मेंढरं कापून नेली, मुलांनी गोंद लावून कापूस चिकटवायचा. शुक्रवारी रात्री १४ मेंढरं कापायला दोन तास गेले कारण पाय बारीक काढले होते आणि जाड पुठ्ठ्यात कात्री वळत नव्हती. (पाय कापूच नका, नुसता ढगासारखा आकार कापा आणि पायांच्या जागी कपड्यांचे दोन चिमटे लावा, मेंढरू उभं पण राहतं.)

वर्गात गोष्ट १० मिनिटांत संपली आणि कापूस ३० मिनिटं चालला. गोंद मी पातळ घेतला होता, तो पुठ्ठ्यात मुरला आणि कापूस मेंढरापेक्षा बोटांनाच जास्त चिकटला, तीन मुलं हात धुवायला गेली ती परत येईपर्यंत प्रार्थनेची वेळ झाली. मेंढरं मात्र छान दिसत होती, आईवडिलांना आवडली, आणि मला वाटलं चला, जमलं.

आठवडा २, रविवार. तीच गोष्ट परत

विचारलं, मागच्या रविवारची गोष्ट कोण सांगेल? एकजण म्हणाला, "कापूस." दुसरी म्हणाली, "माझ्या मेंढराचा डोळा पडला." मेंढरू हरवलं होतं हे १४ पैकी दोघांनी सांगितलं, आणि मेंढपाळ त्याला शोधायला गेला हे कोणीच नाही.

मला खूप वाईट वाटलं. घरी जाऊन विचार केला तेव्हा लक्षात आलं की मुलांच्या हातांनी जे केलं त्यात हरवणं नव्हतंच, शोधणंही नव्हतं. हातांनी कापूस चिकटवला म्हणून डोक्यात कापूस राहिला, यात मुलांची काहीच चूक नाही.

नशिबाने त्या रविवारी वर्गात मी दुसरा बेत पण तयार ठेवला होता. बाटल्यांची १०० झाकणं आठवडाभर जमवली होती (ओळखीच्या सगळ्यांकडे मागितली, धुवून वाळवली, कारण काहींना आतून चिकट थर होता). प्रत्येक झाकण म्हणजे एक मेंढरू. बायबलमधल्या लूकच्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात १०० मेंढरं आहेत आणि एक हरवतं, पण पाच वर्षांच्या मुलाला ९९ मोजता येत नाहीत, हे मला आधीच सुचायला हवं होतं. पहिल्या प्रयत्नात ढीग करून मोजायला लावलं, २३च्या पुढे गोंधळ, मग भांडण. तेव्हा जमिनीवर खडूने १० ओळींत १०-१० चौकोन काढले आणि प्रत्येक चौकोनात एक झाकण ठेवायला सांगितलं. एक चौकोन रिकामा राहिला (ते झाकण मी आधीच लपवलं होतं). मोजायची गरजच पडली नाही, ती रिकामी जागा सगळ्यांना एकदम दिसली आणि एक मुलगा ओरडला, "एक नाहीये!" त्यानंतर मी काही सांगायच्या आतच मुलं उठून शोधायला लागली. झाकण पडद्यामागे सापडलं, ज्याला सापडलं त्याने ते खांद्यावर ठेवून आणलं कारण गोष्टीत मेंढपाळ तसंच आणतो, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक काळजी घ्या: झाकणं लहान असतात, कोणाचं तीन वर्षांच्या आतलं भावंड वर्गात बसत असेल तर त्याच्यापासून लांब ठेवा. वर्ग संपल्यावर मोजून घ्या, १०-१०च्या ओळी असल्याने मोजणं सोपं जातं.

आठवडा ३, बुधवार. नोहाचं तारू, घरचा प्रयोग

उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, ६व्या अध्यायात तारवाची (नोहाने महापुरातून वाचायला बांधलेल्या जहाजाची) मापं स्पष्ट दिली आहेत, ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, तीन मजले आणि बाजूला दार. चित्रांच्या पुस्तकांत दिसते तशी फुगीर, जिराफाची मान बाहेर काढलेली होडी करायची नाही, दिलेली मापं पाळायची असं ठरवलं. एक मिलिमीटर म्हणजे एक हात धरला तर लांबी बरोब्बर ३० सेंटिमीटर येते, म्हणजे एक फूटपट्टी! रुंदी ५, उंची ३. केलं, आणि दिसलं की ती लांबट पेटी आहे, आणि इतकी अरुंद की माझाच हात आत जाईना, मुलं प्राणी कसे ठेवणार. मग सगळं दुप्पट केलं, ६० बाय १० बाय ६. प्रमाण तेच राहिलं.

पुठ्ठ्याला बाहेरून रुंद चिकटपट्टी गुंडाळली. घरी पाण्यात ठेवून पाहिलं, तरंगलं, एक मिनिटाने बाहेर काढलं, समाधान झालं. त्या एका मिनिटाच्या चाचणीवर विश्वास ठेवला हीच चूक झाली.

आठवडा ३, रविवार

तारू साधारण सहा मिनिटांत बुडालं, आत मुलांनी केलेले मातीचे प्राणी होते ते पण गेले. तीन तारवं नेली होती, दोन बुडाली आणि एक आडवं झालं. दोन मुली रडायला लागल्या, आणि खरं सांगते, माझ्या पण पोटात कालवलं, कारण नोहाच्या गोष्टीत तारू बुडणं म्हणजे सगळी गोष्टच उलटी झाली.

आडवं का झालं ते लगेच कळलं, मुलांनी हत्ती आणि जिराफ वरच्या मजल्यावर ठेवले होते, १० सेंटिमीटर रुंदीवर एवढं वजन वर म्हटल्यावर ते कलंडणारच. बुडालं का ते घरी येऊन पाहिलं. पट्टी बाहेरून पक्की होती पण दाराच्या कडेने थोडं पाणी आत गेलं, आतला पुठ्ठा उघडा, त्याने ते पाणी शोषलं, मऊ झाला आणि तळाचा जोड सुटला.

मग परत ६वा अध्याय उघडला आणि १४वं वचन वाचून थांबले. तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लावायचं, असं देवाने नोहाला सांगितलंय. आतून आणि बाहेरून! मी हे वचन कितीतरी वेळा वाचलंय पण "आतून" हा शब्द कधी दिसला नव्हता.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. प्राणी वाचवायच्या गडबडीत एक सात वर्षांचा मुलगा हळूच म्हणाला, "टीचर, जी माणसं तारवात नव्हती त्यांचं काय झालं?" मी म्हटलं, ती वाचली नाहीत. आणि हेही सांगितलं की माणसं इतकी वाईट वागत होती की देवाच्या मनाला दुःख झालं असं तिथेच लिहिलंय. तो गप्प बसला, पण त्याला खोटं सांगितलं नाही. तारवाची गोष्ट आपण लहान मुलांना नुसती प्राण्यांची सहल करून सांगतो, आणि मुलं विचारतात तेव्हा आपली तयारी नसते. तुमची तयारी आधी करून जा.

वाया गेलं: पुठ्ठ्याचे दोन मोठे खोके, चिकटपट्टीची एक अख्खी गुंडाळी, बुधवारचे चार तास, १४ मुलांचे मातीचे प्राणी.

आठवडा ४, रविवार. तारू दुसऱ्यांदा

या वेळी शनिवारीच आतले सगळे जोड वितळलेल्या मेणाने भरून घेतले. मेण थेट विस्तवावर ठेवू नका, ते पेट घेऊ शकतं, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा आणि जुन्या ब्रशने लावा, हे काम मोठ्यांचंच, मुलं आसपास नसताना. दार पाण्याच्या रेषेच्या वर घेतलं. बाहेरची बाजू मुलांसाठी ठेवली: प्रत्येकाला काळा मेणखडू दिला आणि सांगितलं, हे डांबर, एक पण जागा सोडायची नाही. नुसत्या खडूने जोड बंद होत नाहीत, खरं काम आतल्या मेणाचंच, पण काळा खडू घासता घासता मुलं "आतून टीचरने, बाहेरून आम्ही" असं म्हणत होती आणि मला तेवढंच हवं होतं.

जड प्राणी खालच्या मजल्यावर, हलके वर. प्राणी या वेळी मातीचे केले नाहीत, पुठ्ठ्याचे केले, जोड्या जोड्यांनी. तळाला चार चपटे दगड ठेवले. झारीने पाऊस पाडला. तारू ३५ मिनिटं तरंगलं, शेवटी एक कोपरा मऊ पडला, पण तोपर्यंत आमचं काम झालं होतं.

कबुतराला काठीला दोरा बांधून उडवलं. आधी कावळा जातो, मग कबुतर तीनदा जातं, पहिल्यांदा तसंच परत येतं, दुसऱ्यांदा चोचीत जैतुनाचं पान घेऊन येतं आणि तिसऱ्यांदा येतच नाही. ते तिसऱ्यांदा परत आलं नाही तेव्हा मुलं थोडा वेळ वाट पाहत शांत बसली, आणि मग कोणीतरी म्हणालं, "म्हणजे बाहेर सुकलं!" हे मी सांगितलं नव्हतं.

१४ मुलं आणि एक टब हे मात्र चालत नाही. पुढच्या रांगेतली भिजतात आणि मागच्यांना काही दिसत नाही. निदान दोन टब घ्या आणि खाली जुनी फडकी अंथरा, आमची जमीन निसरडी झाली आणि ताई पडता पडता वाचल्या.

आठवडा ५, रविवार. दावीद आणि गल्याथ

तारवाची उजळणी घेतली, १४ पैकी ११ मुलांनी "आतून बाहेरून" सांगितलं. ही गोष्ट आता ती विसरणार नाहीत असं वाटतं.

गल्याथाची, म्हणजे दावीदाने गोफणीच्या दगडाने पाडलेल्या धिप्पाड योद्ध्याची, उंची बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात सहा हात एक वीत दिलीय. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, वीत म्हणजे पंजा ताणल्यावर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. मराठीत ही मापं आयतीच आहेत, समजावायला काही लागत नाही, म्हणून मी मुलांना म्हटलं तुमच्याच हाताने मोजा. कागदाच्या पट्टीवर सहा वर्षांच्या एका मुलाने सहा हात आणि एक वीत मोजली आणि गल्याथ माझ्यापेक्षा थोडासाच उंच निघाला. एक मुलगी म्हणाली, "एवढाच? मग घाबरले का सगळे?" बरोबर होतं तिचं, लहान मुलाचा हात ३० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. परत ताईंच्या हाताने मोजलं, तो साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे गल्याथ जवळजवळ २ मीटर ९० सेंटिमीटर. पट्टी भिंतीवर लावायला गेलो तर पुरेशी उंच भिंत मिळेना, म्हणून जमिनीवरच अंथरली आणि मुलांना शेजारी एकापुढे एक झोपवलं. दोन मुलं पूर्ण आणि तिसरं कमरेपर्यंत. तेव्हा कुठे वर्गात शांतता झाली.

त्या चुकीच्या मापाचा मला राग आला नाही, उलट पुढच्या वेळी मी मुद्दाम आधी मुलांच्या हाताने आणि मग मोठ्यांच्या हाताने मोजणार आहे.

गोफण मात्र फसली. कापडाची पट्टी आणि मोज्याचा गोळा घेऊन खरी गोफण फिरवायची होती. पहिल्याच मुलाने फिरवली ती शेजारच्याच्या कानावर. लागलं नाही फार, मोजा मऊ होता, पण लगेच बंद केली. त्याऐवजी जमिनीवरच्या गल्याथाच्या कपाळावर सगळ्यांनी उभं राहून वरून मोज्याचा गोळा टाकला.

पाच गुळगुळीत गोटे रंगवायचं पण ठेवलं होतं. दगड आदल्या दिवशी धुतलेले, आतून ओलेच होते, रंग साल निघाल्यासारखा निघाला. दगड धुवून एक पूर्ण दिवस उन्हात वाळवा. "एकच दगड लागला तर पाच का घेतले?" असं तिघांनी विचारलं. शास्त्रात कारण लिहिलेलं नाही, तेच सांगितलं.

आठवडा ६, रविवार. यरीहोची भिंत

लोक यरीहो शहराभोवती फेऱ्या मारतात, शेवटी ओरडतात आणि भिंत पडते, ती गोष्ट. रिकामे खोके ४०, एकावर एक. याला तयारी जवळजवळ काही नाही आणि मुलांना सगळ्यात जास्त आवडलं, पण भिंत वेळेआधी तीनदा पडली कारण पहिल्या फेरीपासूनच मुलं ओरडत होती आणि धक्के देत होती. गोष्टीत तर त्यांचा पुढारी यहोशवा याने लोकांना बजावलंय की मी सांगेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. म्हणून चौथ्यांदा भिंत रचल्यावर नियम केला, फेरीत बोललं की पहिल्यापासून सुरुवात. सहा दिवस एक-एक फेरी आणि सातव्या दिवशी सात, एकूण १३. प्रत्येक दिवसाला फळ्यावर एक रेघ मारली नसती तर मीच विसरले असते. १३ फेऱ्या गप्प राहून मारणं या वयाला अवघड, दोनदा परत सुरुवात करावी लागली, पण शेवटी ओरडायची परवानगी दिली तेव्हा जो आवाज निघाला तो आठ दिवस साठवल्यासारखा होता.

एका खोक्याला लाल दोरा बांधून तो जमिनीला पक्का चिकटवला होता. सगळी भिंत पडली आणि तो एकटा उभा राहिला, तेव्हा राहाबची गोष्ट सांगितली (यरीहोतल्या या बाईने हेरांना लपवलं होतं, आणि खिडकीतल्या लाल दोऱ्याच्या खुणेमुळे तिचं कुटुंब वाचलं). हा क्रम बरोबर पडला. आधी सांगितली असती तर सगळ्यांचं लक्ष त्या दोऱ्याकडेच राहिलं असतं.

आठवडा ७, रविवार. योना

योनाला गिळणारा मासा मोठ्या खोक्याचा केला, मुलांनी आत रांगत जायचं. आत पूर्ण अंधार केला होता. दोन मुलं रडली, एकजण आत गेलाच नाही, आणि ही माझी चूक, मी स्वतः आत जाऊन पाहिलंच नव्हतं. लगेच वरचं झाकण कापून काढलं, टॉर्च आत दिला, योना माशाच्या पोटात होता त्या तीन दिवस तीन रात्रींसाठी टॉर्च तीनदा लावायचा आणि तीनदा विझवायचा. मग सगळी गेली, रडलेली दोघं पण, हात धरून. शास्त्रात मोठा मासा आहे, म्हणून देवमाशाच्या पाण्याच्या फवाऱ्याचं चित्र काढायला आलेल्यांना थांबवलं. एवढंच, पुढच्या वेळी निनवेचा भाग (माशातून बाहेर आल्यावर योना त्या शहरात जातो तो) वेगळ्या रविवारी घेईन, ४५ मिनिटांत मासाच संपत नाही.

आठवडा ८, गुरुवार. छपरातून खाली सोडलेला माणूस, तयारी

बायबलमधल्या मार्कच्या पुस्तकाचा २रा अध्याय, कफर्णहूम गावातलं घर, आत येशू. पक्षाघाती माणसाला चौघं उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, मग वर चढून छप्पर उसकून त्याला बाजेसकट खाली सोडतात. ही गोष्ट हाताने करायलाच लिहिल्यासारखी आहे आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घातला.

सोपा मार्ग म्हणजे बुटांच्या खोक्याला वर भोक पाडून न्यायचं. पण मेंढरांपासून एक शिकले होते, भोक मी पाडलं तर छप्पर उसकण्याचं काम मी केलेलं असेल, मुलांनी नाही. त्या काळची तिथली छपरं लाकडाच्या तुळया, वर फांद्या आणि त्यावर मातीचा थर अशी असायची. तसंच केलं. खोक्याचं झाकण काढून टाकलं, आडव्या काड्या ठेवल्या, त्यावर सुकं गवत, वर चिकणमाती एक सेंटिमीटर. एक रात्र वाळवली.

शुक्रवारी सकाळी उचलायला गेले आणि ओल्या मातीच्या वजनाने सगळं छप्पर आत कोसळलं. परत केलं, या वेळी काड्या दुप्पट, माती अर्धी, आणि दोन पूर्ण दिवस वाळवायचं ठरवलं, म्हणजे रविवार सकाळ.

आठवडा ८, शनिवार. बाज

आईस्क्रीमच्या चार काड्यांची चौकट, त्यावर दोरा विणून बाज केली. चारही कोपऱ्यांना दोऱ्या. तालीम केली घरीच, चार हात लागतात म्हणून घरातल्यांना बसवलं, आणि माणूस पाचही वेळा पडला. कारणं तीन निघाली. दोऱ्या अंदाजाने कापलेल्या, सारख्या नव्हत्या. बाहुला तारेचा, वजनच नाही, जरा हिसका बसला की बाज उलटी. आणि प्रत्येकाचा खाली सोडायचा वेग वेगळा.

उपाय: चारही दोऱ्या मोजून ५० सेंटिमीटर आणि दर १० सेंटिमीटरवर एक गाठ. बाहुल्याच्या कपड्यात वाळू भरली. आणि "एक" म्हटलं की सगळ्यांनी एक गाठ सोडायची, "दोन" म्हटलं की दुसरी. सहाव्यांदा माणूस अलगद खाली पोचला. गाठी माराच, बाकी काही विसरलात तरी चालेल.

आठवडा ८, रविवार

आधी दारातून न्यायला सांगितलं. दारात आणि आत कागदाची तीसेक माणसं दाटीने उभी केली होती, बाज जाईना. मुलांनी खरंच प्रयत्न केला, ढकललं, आडवी धरली, नाहीच. मग एकाने वर बघितलं. मी गप्प राहिले, आणि तो म्हणाला, "वरून?"

छप्पर बोटांनी उसकलं. माती आणि गवत खालच्या माणसांच्या डोक्यावर पडलं, येशूच्या पण, आणि मुलं हसायला लागली, मला क्षणभर वाटलं गोष्ट हातातून गेली. पण खरं असंच झालं असणार ना, घरात बसलेल्यांच्या डोक्यावर माती पडलीच असणार, इतकी वर्षं वाचताना मला ते दिसलं नव्हतं.

चार मुलं चार दोऱ्या घेऊन उभी राहिली. त्यात एक मुलगी होती जी सात आठवड्यांत वर्गात एकदाही बोलली नव्हती. पहिल्या गाठीला एका मुलाने घाई केली, बाज तिरकी झाली, माणूस घसरायला लागला, आणि ही मुलगी मोठ्याने म्हणाली, "थांबा! सगळ्यांनी सोबत!" सगळे थांबले. मग गाठी तीच मोजत होती. एक, दोन, तीन, चार. माणूस येशूसमोर टेकला.

मी तेव्हा वाचून दाखवलं की येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला. विचारलं, त्यांचा म्हणजे कोणाचा? चारही मुलांनी दोरी धरलेले हात वर केले. त्यानंतर मला काही समजावायचं राहिलं नाही आणि मी समजावलंही नाही.

येशूने आधी पापांची क्षमा झाल्याचं सांगितलं, मग, ऊठ, आपली बाज उचल आणि घरी जा. बाहुल्याचे पाय तारेचे असल्याने तो उभा राहिला, बाज पाठीला बांधली, आणि इथे माझी शेवटची चूक: दार इतकं अरुंद कापलं होतं की बाज पाठीवर घेऊन तो बाहेर जाईना. मी घाईत खोका फाडून दार मोठं केलं. दार बाजेपेक्षा निदान दोन बोटं रुंद कापा, गर्दी ठेवली की आत जाता येत नाहीच, पण बाहेर मात्र त्याला सगळ्यांदेखत चालत जाता आलं पाहिजे.

चार-चारच्या तीन गटांत १२ मुलं बसली, उरलेल्या दोघांना गर्दी सांभाळायला दिली आणि दुसऱ्या फेरीत दोरी. माझी तयारी सगळी मिळून सात तासांच्या आसपास गेली, त्यातले दोन कोसळलेल्या छपरात.

आठवडा ९, रविवार

उजळणीला १४ पैकी १४. कोणी गर्दी सांगितली, कोणी माती, कोणी गाठी, आणि सगळ्यांनी मिळून गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण केली, मी एकदाही मधे बोलले नाही.

पुढची गोष्ट पाच भाकरी आणि दोन मासे (त्यात येशू हजारोंना जेवू घालतो आणि १२ टोपल्या उरतात), त्यासाठी १२ टोपल्या कागदाच्या विणून नेल्या होत्या. पण त्याच मुलीने विचारलं, "टीचर, ते छप्पर कोणी नीट केलं?" शास्त्रात ते लिहिलेलं नाही, मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "त्या चौघांनीच केलं असेल. त्यांनी तोडलं ना."

टोपल्या बाजूला ठेवल्या. मोडके खोके माझ्या पिशवीतच होते, टाकून द्यायचे राहिले होते. माती भिजवली, काड्या परत आडव्या लावल्या, या वेळी मी हात लावला नाही, फक्त "माती पातळ" एवढंच सांगत राहिले. एका गटाचं छप्पर जाड झालं आणि मधे वाकलं, त्यांनी स्वतःच काढून परत घातलं. अख्खे ४५ मिनिटं गेली. भाकरी आणि मासे पुढच्या रविवारी.

तिन्ही घरं खिडकीत उन्हाला ठेवलीयत. मंगळवार संध्याकाळपर्यंत कोणी हलवू नये म्हणून वर चिठ्ठी लावलीय, अक्षर मुलांचं आहे.